चलासोबत डॉट कॉम आणि बारावा प्रश्न

आण्णा रणपिसेच्या पत्राला मी चौदा महिने उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते मला रोज सापडत होतं. चष्म्याच्या घरात ठेवलं, तर चष्मा काढताना हाताला लागायचं. म्हणून मराठी शब्दकोशात ठेवलं, तर त्याच आठवड्यात मला एकाएकी नाही नाही ते शब्द अडायला लागले.

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या वाचनालयात आण्णा आणि मी एकतीस वर्षं एकत्र काढली. मी पुस्तकं द्यायचो, लोक ती फाडून आणायचे, आण्णा ती बांधायचा. निवृत्त झाल्यावर तो वडूजकडच्या आपल्या गावी गेला आणि मी बदलापुरात, शिरगावातल्या फ्लॅटमध्ये. पत्र निळं, आंतरदेशीय. मजकूर असा:

"बुधाजी, पेपरात तुझा फोटो बघितला. मिशी कमी झाली. माझी नात तेजल उल्हासनगरला नर्सिंग शिकते. महिन्यातून एकदा घरी येते. तीन एसट्या बदलून बारा तास लागतात, पोरीची कंबर मोडते. तुझ्या कंपनीच्या गाडीत तिला जागा मिळेल का? हो किंवा नाही, एवढंच लिही. तुला लांबण लावायची खोड आहे म्हणून सांगतो. आण्णा."

आता कंपनी माझी नव्हती, हे आधी सांगायला हवं. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे. कंपनी माझ्या बहिणीच्या मुलाची, महेंद्रची. २००७ च्या दिवाळीत तो लॅपटॉप घेऊन घरी आला, चकलीचा हात पँटला पुसला आणि म्हणाला, "मामा, शुक्रवारी संध्याकाळी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून किती गाड्या गावाला निघतात, माहितेय? पाचशे! साताऱ्याला, कोल्हापूरला, महाडला, नाशिकला. आणि प्रत्येक गाडीत एक माणूस. तीन सीट रिकाम्या!"

"मग?"

"मग काय! गाडीवाल्याने वेबसाइटवर लिहायचं, मी साताऱ्याला चाललोय. पॅसेंजरने लिहायचं, मला साताऱ्याला जायचंय. पेट्रोलचा खर्च वाटून घ्यायचा. परदेशात सगळे असंच जातात."

परदेशाबद्दल मी बरंच वाचलं आहे. तिकडे दोन अनोळखी माणसं शेजारी बसली तर हवामानावर बोलतात आणि गप्प होतात, असं त्या पुस्तकांत असतं. आपल्याकडे अनोळखी माणूस शेजारी बसला तर त्याचा मेहुणा काय करतो हे कळेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. हे मी महेंद्रला सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, आपण म्हातारे, आपलं ज्ञान पुस्तकी, उगाच पोराच्या उत्साहावर पाणी कशाला? आयुष्यात जेव्हा जेव्हा माझं म्हणणं बरोबर होतं, तेव्हा तेव्हा मी असाच विचार करून गप्प बसलो आहे.

वेबसाइटचं नाव ठरलं चलासोबत डॉट कॉम. पैसा घातला मुकेशशेठने. हा महेंद्रचा कॉलेजातला मित्र, उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात याचं फर्निचरचं मोठं दुकान. गोरापान, गळ्यात चेन, वय तीस, पण सगळे शेठ म्हणत. दुकानाच्या पोटमाळ्यावर तीन कॉम्प्युटर मांडून ऑफिस उघडलं. खाली सोफे, वर इंटरनेट. दिवसाला चार तास वीज जायची. तेवढ्या वेळात भविष्यातली ही कंपनी खाली येऊन न विकलेल्या सोफ्यांवर झोपत असे.

पहिल्या दोन महिन्यांत अकरा गाड्या नोंदल्या गेल्या आणि एकही माणूस त्यांत बसला नाही. कारण गाडीवाल्याचा नंबर मिळाला की लोक फोन करत, आणि तो फोन चाळीस मिनिटं चाले. महेंद्रने एकदा मला असा एक संवाद स्पीकरवर ऐकवला. गाडीवाला होता अभिजीत, कुळगावचा, इंडिकावाला. पलीकडे कोणीतरी बाई.

"पण तुम्ही मूळचे कुठले?"

"ताई, मी बदलापूरचाच. कोल्हापूरला सासुरवाडी आहे."

"सासुरवाडी नको, तुमचं सांगा. आडनाव काय म्हणालात? ते तुमच्यातले का हो, कल्याणला मेडिकल आहे, ते?"

"नाही, ते वेगळे."

"वेगळे म्हणजे कसे वेगळे?"

अभिजीत शेवटी आजोबांपर्यंत गेला, तरी बाईंचं समाधान होईना. मग त्या म्हणाल्या, "बघते, मिस्टरांना विचारते." मिस्टर मागून ओरडले, "एसटीचं रिझर्व्हेशन केलंय मी कधीच!"

यावर उपाय काढायला महेंद्रने आमच्या घरी सभा घेतली. सोसायटीतल्या काही मंडळींना बोलावलं, कारण ग्राहक काय म्हणतो ते ऐकायचं असतं म्हणे. ग्राहक म्हणून गोजरबाई आल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि आमच्या खालच्या मजल्यावर. त्यांना कोणी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "एक फॉर्म करा. सगळी माहिती आधीच घ्या. फोनची कटकट नको."

फॉर्म म्हटल्यावर माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला, हे कबूल करतो. वर्गीकरण हा माझा एकमेव विकार. मी स्वच्छ अक्षरात प्रश्न लिहायला घेतले. नाव. आडनाव. वय. शिक्षण. मूळ गाव, तालुका, जिल्हा. आहार. गाडी लागते का, लागत असल्यास कितव्या किलोमीटरला. रक्तगट माझाच, अपघाताच्या विचाराने. अकरा प्रश्न झाले. मी टोपण लावलं.

"आणि कुलदैवत," गोजरबाई म्हणाल्या.

महेंद्र लॅपटॉपकडे बघत होता.

"कुलदैवत कशाला?" मी विचारलं. म्हणजे विचारलं असावं. माझा आवाज अशा वेळी फार लांब जात नाही.

"अहो, कुलदैवत कळलं की सगळं कळतं. आडनावं काय, हल्ली सारखीच असतात. आणि ओव्हाळकाका, तुमचं काय नाही हो, तुम्ही तर आमच्यातलेच."

छप्पन साली माझ्या वडिलांनी घरातले देव एका फडक्यात बांधून नदीत सोडले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि फडक्याचं एक टोक माझ्या हातात होतं. त्यानंतर आमच्या घरात बुद्धाची एक मूर्ती आणि पुस्तकं, एवढंच. हे सगळं मी त्या खोलीत सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी टोपण काढलं आणि बाराव्या क्रमांकावर, वळणदार अक्षरात, 'कुलदैवत' असं लिहिलं. क वर काना-मात्रा काही नसते, उकार असतो. तोही छान आला.

सुनंदा, माझी पत्नी, दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो ट्रे माझ्यासमोर न ठेवता गोजरबाईंसमोर ठेवला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं.

यानंतर कंपनीला गती आली. ती इतकी की मला खरोखर लाज वाटली, आणि थोडा अभिमानही वाटला, ही दोन्ही एका वेळी कशी वाटतात ते मला अजून कळलेलं नाही. फॉर्म बघून लोक खूश. मूळ गाव जुळलं, आहार जुळला, देव जुळला की फोन दोन मिनिटांत संपे. दोन महिन्यांत एकशे चाळीस गाड्या झाल्या. पहिल्या कोल्हापूरच्या फेरीला अभिजीतच्या इंडिकात बसणाऱ्या एका गृहस्थांना सोडायला घरची नऊ माणसं आली. त्यांनी गाडीचा नंबर तीन ठिकाणी लिहून घेतला, अभिजीतला ओवाळलं, आणि डिकीत तांदळाचं अर्धं पोतं ठेवलं. ते पोतं कोणाचं, हे कोल्हापुरात पोचल्यावरही ठरलं नाही. गृहस्थ म्हणाले माझं नाही, अभिजीत म्हणाला माझंही नाही. ते तांदूळ अभिजीतच्या सासूने श्रावणापर्यंत पुरवले.

याच सुमारास कंपनीचा परवाना काढायला महेंद्रने मला सरकारी कचेरीत पाठवलं. "मामा, तुमच्याकडे वेळ आहे आणि चेहरा आहे," तो म्हणाला. तिथला कारकून चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचत होता.

"धंद्याचं स्वरूप?"

मी समजावलं. संगणकाद्वारे, प्रवासी, गाडी, सोबत. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. म्हणून मी आमचा फॉर्म पुढे केला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. नाव, वय, शिक्षण, आहार, रक्तगट, कुलदैवत. मग प्रथमच माझ्याकडे आपुलकीने बघितलं.

"असं सांगा की काका! वधू-वर सूचक!"

"नाही हो. एका गाडीतून जायचं फक्त."

"सुरुवात तशीच होते," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

तीन महिने आमच्या पोटमाळ्यावर पत्रिका येत होत्या. मुकेशशेठने त्यातली दोन स्थळं जुळवलीसुद्धा. दोन्ही घरांनी सोफे त्याच्याच दुकानातून नेले.

खरा पेच पुढे आला. वाहनांच्या कचेरीतून पत्र आलं की खासगी गाडीत पैसे घेऊन माणसं बसवता येत नाहीत. महेंद्र घाबरला आणि मला पुन्हा पाठवलं. तिथले साहेब मात्र सज्जन होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि जेवणाचा डबा बाजूला सारून विचारलं, "गाडीवाला पैसे घेतो?"

"पेट्रोलचा वाटा घेतो."

"वाटा म्हणजे भाडं."

"मग घरातली माणसं एकत्र जातात, तेव्हा?"

"नातेवाईक चालतात," साहेब म्हणाले. "नातेवाइकांना कोण अडवणार?"

हे मी महेंद्रला येऊन सांगितलं, आणि माझ्या आयुष्यात माझ्या तोंडून निघालेलं कुठलंही वाक्य इतक्या गांभीर्याने घेतलं गेलं नव्हतं. मुकेशशेठ टेबलावर हात मारून म्हणाला, "काका, तुम्ही जिनियस हो! सगळे नातेवाईक! फिनिश!"

त्या आठवड्यापासून प्रत्येक गाडीबरोबर एक छापील कागद जायला लागला: 'खालील सर्व प्रवासी परस्परांचे नातेवाईक असून कौटुंबिक कारणासाठी प्रवास करीत आहेत.' खाली नाती. गाडीवाला मावसभाऊ, पुढे बसलेले काका, मागे आत्या. नाती कोणी कोणाला लावायची याचा तक्ता मी केला. वयाप्रमाणे. बदलापूरच्या कॅटरिंगवाल्याला नाशिकची एक प्राध्यापिका बहीण म्हणून मिळाली आणि पुढे त्यांनी राखीपौर्णिमासुद्धा पाळली असं ऐकतो. टोलनाक्यावर पोलिसाने विचारलं तर सगळ्यांनी एका सुरात सांगायचं. आणि कागदाच्या तळाशी: 'मी या सर्वांना व्यक्तिशः ओळखतो. बुधाजी ओव्हाळ, मुख्य विश्वास अधिकारी.'

मी कोणालाही ओळखत नव्हतो. पण कारखान्यातून निवृत्त झालेली निम्मी माणसं बदलापुरातच राहतात, आणि ती मला ओळखत होती. उशिरा आणलेल्या पुस्तकाचा दंड मी कारखान्याच्या मॅनेजरलाही माफ केला नव्हता, अशी माझी ख्याती. त्यामुळे माझ्या सहीला किंमत होती. मी आठवड्याला शंभर सह्या करी. मनाला सांगत असे की खोटं नातं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

आता नातेवाईक दिसायचे म्हणजे नातेवाइकांसारखे असायला हवेत, असं मुकेशशेठचं म्हणणं पडलं. "पोलिसाने आडनाव विचारला तर? एक इकडचा, एक तिकडचा, कसा नातेवाईक?" म्हणून वेबसाइटवर एक नवीन बटन आलं. 'आपली माणसं'. ते दाबलं की संगणक बाराव्या प्रश्नावरून माणसं चाळे आणि फक्त आपली दाखवी. दिवाळीच्या आधी गाड्या नऊशे झाल्या. पुण्यात शाखा निघाली. पेपरात बातमी आली, 'तंत्रज्ञानाने जोडली मनं', आणि बातमीबरोबर माझा फोटो, कारण महेंद्र म्हणाला की तरुण चेहऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत.

तो फोटो आण्णाने वडूजला पाहिला. आणि पत्र आलं.

मी पत्र वाचून इतका खूश झालो की त्याच दुपारी पोटमाळ्यावर गेलो, महेंद्रच्या खुर्चीत बसलो आणि स्वतः फॉर्म भरायला घेतला. तेजल रणपिसे, वय एकोणीस, मूळ गाव, तालुका खटाव, जिल्हा सातारा. गाडी लागत नाही. रक्तगट माहीत नाही. बारावा रकाना मी मोकळा सोडला आणि बटन दाबलं. पान लाल झालं. बाराव्या प्रश्नापुढे एक लाल चांदणी उगवली आणि खाली अक्षरं आली: 'कृपया ही माहिती भरा. त्याशिवाय पुढे जाता येणार नाही.'

मी पुन्हा दाबलं. चांदणी पुन्हा. मी सहा वेळा दाबलं. मी तयार केलेल्या प्रश्नाने मला सहा वेळा परत पाठवलं, दर वेळी कृपया म्हणून.

"महेंद्र," मी हाक मारली, "हे मोकळं का सोडता येत नाही?"

तो फोनवर होता. हाताने फोन झाकून म्हणाला, "काहीतरी टाका ना मामा. सगळे काहीतरी टाकतात."

"तू काय टाकलंस?"

"खंडोबा."

"तुला खंडोबा कुठे भेटला?"

"त्या दिवशी पुण्याहून येताना जेजुरीची पाटी दिसली." तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यानेही आवरलं. टेबलावर त्याची नवी व्हिजिटिंग कार्डं होती. 'महेंद्र एस., संस्थापक'. मला वाटत होतं हल्ली अशीच फॅशन असते. वडिलांनी दिलेलं सरतापे हे सबंध नाव त्या कार्डात मावलं असतं, जागा पुष्कळ होती.

"तुझ्या कार्डावर काय लिहायचं ते तू लिही," मी म्हणालो. "पण आण्णाच्या नातीला मी काय सांगू? जेजुरीची पाटी बघ म्हणून?"

"मामा, मी नऊशे गाड्या चालवतोय. सोशल वर्क नाही करत."

एवढ्यावर मी उठलो. घरी आलो आणि पत्र लिहायला बसलो. 'हो' लिहायचं म्हणजे पोरीला खोटं लिहायला शिकवायचं. 'नाही' लिहायचं म्हणजे का नाही ते लिहायचं, आणि का नाहीचं उत्तर माझ्याच अक्षरात होतं. म्हणून मी तारीख लिहिली आणि थांबलो. अशा नुसत्या तारखा घातलेल्या सव्वीस कागदांचा गठ्ठा माझ्याकडे झाला.

मधल्या काळात मी काहीच केलं नाही असं नाही. एकदा धीर करून संचालकांच्या बैठकीत गेलो आणि सांगितलं, बारावा प्रश्न काढा, नाहीतर मी सही करणार नाही. हे वाक्य मी घरी आरशासमोर आठ दिवस म्हणून बघितलं होतं.

मुकेशशेठ उठून माझ्या पाया पडला. खरोखर. मग म्हणाला, "काका, तुम्ही आराम करो. उन्हात कशाला येता? तुमची सही तर स्कॅन केलेली आहे. मार्चपासून कॉम्प्युटरच मारतोय."

"मार्चपासून? मग मी दर आठवड्याला ज्या शंभर करतो त्या?"

"त्या महेंद्र बोलला करू देत. काकांना बरं वाटतं."

मी जिने उतरलो. खालच्या सोफ्यावर एक नवरा-बायको बसून बघत होते, दोघंही वर-खाली होत. मला बसायची फार गरज होती, पण ते दोघं सरकले नाहीत.

गोजरबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो काका. फॉर्मात काय असतं? शेवटी माणूस बघतात." सुनंदा ओट्याशी भांडी घासत होती. "हो का?" ती म्हणाली. "मग गोजरबाई, तुमच्या लेकाला गाडी घेतलीत, पुढच्या शुक्रवारी साताऱ्याला चाललाय ना? आमच्या ओळखीची एक मुलगी आहे. रणपिसे." गोजरबाई म्हणाल्या गाडीत सामान फार आहे. कसलं सामान ते त्यांनी सांगितलं नाही आणि सुनंदाने विचारलं नाही. रात्री मला फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही पत्र लिहा. जे असेल ते लिहा. तो म्हातारा जिवंत आहे तोवर लिहा."

तरी मी लिहिलं नाही. वर्ष सरलं.

या डिसेंबरात मी उल्हासनगरला डोळे तपासायला गेलो होतो. दवाखान्यात माझ्या डोळ्यांत थेंब घालून मला बाकावर बसवलं. जग सगळं धुरकट. कोणीतरी पांढऱ्या कपड्यांतली मुलगी हातात कागद घेऊन नाव वाचत आली. "बुधाजी ओव्हाळ?" मी हात वर केला. ती तिथेच थांबली.

"म्हणजे वाचनालयवाले? आजोबांचे बुधाजी?"

मला चेहरा दिसत नव्हता, पण वळणदार सातारी बोलणं ऐकून ओळखलं. आपण इथून उठून पळावं असं मला वाटलं, पण थेंब घातलेल्या माणसाला पळता येत नाही. मी बाकावरच बसून माफी मागायला सुरुवात केली. तुझ्या आजोबांचं पत्र, मी लिहिणार होतो, पण ते असं झालं, त्यात एक रकाना.

"मला माहितीय की," तेजल म्हणाली. "मी भरला होता फॉर्म. मागच्या गणपतीत. देवाच्या जागी 'नाही' असं लिहिलं. आजोबा म्हणतात खोटं लिहायचं नाही."

"घेतलं का ते?"

"कॉम्प्युटरनं घेतलं. गाडीवाल्यानं नाही घेतलं." ती माझ्या डोळ्यांवर कापूस ठेवत होती. "म्हणाला गाडी भरली. मी एसटीनं निघाले, तर पुढच्या सिग्नलला त्याच नंबरची गाडी उभी होती शेजारी. मागे एकटी बॅग बसलेली."

तिने कापूस नीट दाबून बसवला.

"त्याचं काही नाही, आजोबा. एसटी आहेच. पण तुम्ही पत्र लिहायचं ना हो. पोस्टमन दिसला की आमचे आजोबा ओट्यावर येऊन बसतात. आई म्हणते, आण्णा, नाही आलं. तर म्हणतात, बुधाजीचं आहे, लांबण लावत असेल, यायला वेळ लागणारच."

कापसाखाली माझे डोळे आधीच पाझरत होते, त्यामुळे कोणाला काही कळलं नसावं.

"तू आता कधी जाणार घरी?"

"या शनिवारी. पहाटे कल्याणहून."

घरी आल्यावर डोळे निवळेपर्यंत मी थांबलो नाही. धुरकट दिसत असतानाच लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की आण्णाला वाटेल बुधाजी आजारी आहे. पण सव्वीस कागदांवर जे उतरलं नाही ते एका बाजूवर उतरलं:

"आण्णा, नाही. जागा मिळणार नाही. नऊशे गाड्या आहेत आणि एकीतही नाही. ज्या प्रश्नामुळे ती मिळत नाही तो मी माझ्या हाताने लिहिला. गोजरबाईंनी सांगितला, पण लेखणी माझी होती. ते तुला कळवायची लाज वाटत होती म्हणून चौदा महिने लागले. तेजलने तुझं नाव राखलं, माझं मी राखू शकलो नाही. शनिवारी मी तिच्याबरोबर एसटीने येतोय. तीन गाड्या बदलायच्या तर बदलू. खिडकी तिला. तुझ्याकडे बांधायला काही पुस्तकं आणतो, सगळी फाटली आहेत. बुधाजी."

सुनंदाने ते वाचलं, एकदाच. मग माझ्या पिशवीत स्वेटर घातला, म्हणजे संमती.

गुरुवारी सकाळी मी पोस्टात गेलो. दारावरच्या लाल पेटीवर माझा भरवसा नाही, म्हणून थेट खिडकीशी गेलो आणि पत्र कारकुनाच्या हातात दिलं. त्याने पत्ता वाचला, मान हलवली.

"काका, वडूजच्या पुढचं खेडं आहे. शनिवारच्या आत नाही पोचायचं. शनिवारी तुम्हीच जाताय ना तिकडे, आत्ता म्हणालात. मग पोस्टात कशाला टाकता?"

"पत्राला उत्तर पत्रानेच द्यायचं असतं," मी म्हणालो. माझा आवाज खिडकीपलीकडे गेला, कारण मागच्या टेबलावरच्या बाईंनी वर बघितलं.

"आणि उशिरा पोचलं तर?"

"मी राहीन तोवर तिथे. आलं की मीच वाचून दाखवीन."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, शिक्का शाईत बुडवला आणि पत्रावर मारला.